शेवंताच्या शेळ्या

लालबागच्या डंकावर, मसाला कुटायच्या रांगेत, कमलाबाईंची धाकटी जाऊ शेवंता हळूच म्हणाली,

"पुढच्या वर्षी मसाल्याला माझं येणं नाही व्हायचं, आक्का."

"का गं? सरकारचे पैसे खात्यात पडायला लागले, तशी मुंबई नकोशी झाली?"

"त्या पैशांतनं शेळ्या घेतल्या. त्यांना कुणावर सोडून येऊ?"

"आणि माझा मसाला, माझे पापड?"

"बाई लावा."

"दरवर्षी लुगडी नेलीस माझी, ती विसरलीस?"

"विसरेन कशी? त्यांच्यासाठीच तर येत होते."

कमलाबाईंनी मिरच्यांची पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

"मसाल्याचं मी बघेन. तू आपली चार दिवस नुसती बसायला ये."

"तुमच्या घरात मी कधी बसले का, आक्का?"