लाल जर्सी

(मिसिसिपीतल्या एका छोट्या गावातलं सलून. सोमवार, म्हणून दुकान बंद. क्लीओफस टॉलिव्हर खुर्चीत बसलेल्या आपल्या मुलाचे, व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या टेरॉनचे, केस कापतो आहे. मेव्हणा वेंडल खिडकीशी सोंगट्यांचा पट मांडून बसला आहे.)

क्लीओफस: मान खाली कर. अजून. हा डाग कसला?

टेरॉन: कुठला?

क्लीओफस: खांद्याच्या हाडावर. हिरवा पडलाय. आठवडा झाला असेल.

टेरॉन: जिममध्ये लागलं, डॅडी. वजनाची दांडी घसरली.

क्लीओफस: दांडीचा डाग लांब असतो. हा गोल आहे.

वेंडल: झालं. न्हावी गेला, फौजदार आला. अरे क्लीओ, पोरगं साडेतीन तास गाडी हाकत आलंय. त्याला आधी थंड चहा तरी पिऊ दे.

क्लीओफस: तू तुझ्या सोंगट्या बघ. टेरॉन, हात दाखव.

टेरॉन: हात कशाला?

क्लीओफस: चादरीखाली लपवून बसलायस म्हणून. दाखव. दोन बोटं सुजलीत. टेप लावलाय.

टेरॉन: सरावात होतं असं.

क्लीओफस: चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला होत नाही. सरावात क्वार्टरबॅकच्या अंगात लाल जर्सी असते. लाल जर्सीवाल्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी प्रशिक्षक त्याचे बारा वाजवतो. सगळ्या मैदानावर तो एकटाच असा, ज्याला कुणी शिवत नाही. आणि तुझ्या खांद्यावर हेल्मेटचा डाग आहे. असले डाग मी तीन वर्षं लोकांना देत होतो, मला ओळखू येतात. कुणी मारलं तुला?

टेरॉन: कुणी मारलं नाही.

क्लीओफस: तुझ्या गळ्याला चादरीचा पट्टा पुरत नाहीये. ख्रिसमसला शेवटच्या बटणाला दोन बोटं उरत होती. किती वाढलास?

टेरॉन: अठरा पौंड.

वेंडल: तुझ्या आईला, अर्नेस्टीनला, सांगू नको, ती म्हणेल माझ्याच हातची चव लागली.

क्लीओफस: अठरा पौंड. सुजलेली बोटं. हेल्मेटचा डाग. वेंडल, यात कुठेतरी पाणी मुरतंय की मीच म्हातारा झालोय?

वेंडल: दोन्ही.

क्लीओफस: टेरॉन, अंगात कुठली जर्सी आहे तुझ्या?

टेरॉन: डॅडी, आधी केस तर पुरे करा.

क्लीओफस: कुठल्या रंगाची?

टेरॉन: पांढरी.

क्लीओफस: कधीपासून?

टेरॉन: मे महिन्यापासून. मी टाइट एंड खेळतोय.

वेंडल: अरे देवा.

क्लीओफस: कात्री कुठे ठेवली मी?

वेंडल: तुझ्या हातातच आहे. म्हणजे बाळा, आता तू चेंडू फेकणार नाहीस. दुसऱ्यानं फेकलेला पकडणार, आणि उरलेला वेळ समोरच्या तीनशे पौंडी रेड्यांना ढकलत बसणार.

टेरॉन: हो मामा. तसंच.

क्लीओफस: मे, जून, जुलै, ऑगस्ट. चार महिने दर रविवारी फोनवर मी विचारतोय, हात कसा आहे. तू म्हणतोस, बरा आहे.

टेरॉन: हात बराच आहे.

क्लीओफस: तुला गोड बोलून गुंडाळलं त्यांनी. काय म्हणाले? देवानं तुला अंग दिलंय, ते वाया घालवू नको, असं? मला म्हणाले होते, क्लीओ, तुझ्यासारखे पाय कुणाला नाहीत. पायांचं कौतुक करत करत माझ्या हातातला चेंडू काढून घेतला. कॉलेजात चार वर्षं मी क्वार्टरबॅक होतो, दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, मी बोलेन तसं पळत होती. आणि व्यावसायिक संघात गेल्यावर दुसऱ्या दिवशी मला मागे उभं केलं, दुसऱ्यांच्या मागे धावायला. का? तर आपल्या रंगाचा माणूस पळू शकतो, विचार करू शकत नाही.

टेरॉन: ते एकोणीसशे चौऱ्याऐंशी होतं, डॅडी.

क्लीओफस: वर्षं बदलतात. गोऱ्या पोराला तीन वर्षं देतात, तुला किती दिल्या? पाच मॅचेस.

टेरॉन: सहा. आणि त्या मी घालवल्या. आमचा प्रशिक्षक आपल्यातलाच आहे.

क्लीओफस: मग तर सोपंच झालं. आपल्याच माणसाच्या तोंडून सांगवलं.

वेंडल: दुधानं तोंड पोळलेला माणूस आहे हा, टेरॉन. ताकसुद्धा फुंकूनच पिणार.

टेरॉन: त्यांनी सांगितलं नाही. मी मागितलं.

क्लीओफस: काय?

टेरॉन: जागा बदलून मीच मागितली. माझी स्वतःची इच्छा होती.

क्लीओफस: ऐकलंस, वेंडल?

वेंडल: ऐकलं.

क्लीओफस: शब्द न् शब्द तोच. माझ्या वेळी वर्तमानपत्राचा माणूस आला, तर संघाच्या कचेरीतला एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, सांग, ही माझी स्वतःची इच्छा होती, म्हणजे तुझीही शोभा राहील आणि आमचीही. मी सांगितलं. बावीस वर्षांचा होतो, घरी आईला पैसे पाठवायचे होते. ते कात्रण अर्नेस्टीनच्या बायबलमध्ये आहे अजून. चाळीस वर्षांनी तेच वाक्य माझ्या खुर्चीत बसून माझाच मुलगा मला म्हणून दाखवतोय.

टेरॉन: वाक्य तेच असेल. पण ते खरं आहे.

क्लीओफस: मीही खरं वाटेल असंच म्हटलं होतं. वेंडल, जॅक्सनचा तो वार्ताहर, आपल्याकडे दाढीला येतो तो. त्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?

वेंडल: आहे. कशाला?

क्लीओफस: छापू दे त्याला. बाप आणि मुलगा, दोघांना एकाच तऱ्हेनं कापलं.

टेरॉन: डॅडी, उद्या चार वाजता संघाची शेवटची यादी लागते. त्रेपन्न नावं. तीन टाइट एंड ठेवणार आहेत, मी चौथा आहे की तिसरा हे अजून त्यांचं त्यांनाही ठरवता येत नाहीये. आज हे छापून आलं तर त्यांचं काम सोपं होईल. कटकट नको म्हणून मला घरी पाठवतील, आणि मग दुसरा कुणी बोलावणार नाही. सत्ताविसाव्या वर्षी काढून टाकलेल्या माणसाला कोण बोलावतं?

क्लीओफस: म्हणजे घाबरून गप्प बसलायस.

टेरॉन: नाही.

क्लीओफस: मग सांग. कधी मागितलंस?

टेरॉन: एप्रिलच्या शेवटी.

क्लीओफस: कुठे?

टेरॉन: प्रशिक्षकाच्या खोलीत. तो संत्रं सोलत होता.

क्लीओफस: आणखी कोण होतं?

टेरॉन: कुणी नाही.

क्लीओफस: साक्षीदार नाही. काय म्हणाला?

टेरॉन: नाही म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दार लावून घेतलं त्यानं. म्हणाला, तुझ्या वडिलांचं काय झालं ते मला माहीत आहे, आमच्या पिढीत सगळ्यांना माहीत आहे. मी तुला हलवलं तर लोक मला काय म्हणतील? आधी घरी जा, वडिलांना विचार. ते हो म्हणाले तर ये.

क्लीओफस: तू मला विचारलं नाहीस.

टेरॉन: नाही.

क्लीओफस: मग त्याला काय सांगितलंस?

टेरॉन: विचारलं म्हणून सांगितलं. डॅडी हो म्हणाले, आणि आनंदानं म्हणाले, असं सांगितलं.

वेंडल: क्लीओ, कात्री खाली ठेव.

क्लीओफस: माझ्या नावावर खोटं बोललास. त्या माणसानं माझा मान राखला, आणि तू माझ्या नावावर खोटं बोललास.

टेरॉन: हो. कोंबडं झाकून उजाडायचं थोडंच राहतं. उद्या यादीत नाव आलं असतं, नावापुढे टाइट एंड लिहिलेलं असतं. ते तुम्ही दुसऱ्याकडून ऐकावं असं मला नको होतं, म्हणून आज आलो.

क्लीओफस: का? एवढंच सांग. ज्यासाठी मी उभं आयुष्य... जे मला कुणी दिलं नाही, ते तुझ्या हातात होतं. ते आपल्या हातानं परत का दिलंस?

टेरॉन: मला ओकारी व्हायची.

क्लीओफस: काय व्हायचं?

टेरॉन: मॅचच्या दिवशी. पहाटेपासून. पाणीसुद्धा ठरत नसे. मैदानावर गेलो की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, मी काय बोलतो म्हणून. तुम्हाला तेच आवडायचं ना? मला त्या दहा तोंडांचं ओझं व्हायचं. माणूस मोकळा दिसायचा, हात उठायचा नाही. लोक म्हणायचे, याला खेळ वाचता येत नाही. मला वाचता येतो, डॅडी. पण ते सगळं माझ्यावर आहे असं वाटलं की पोट वर यायचं.

क्लीओफस: हे गेल्या वर्षीपासून?

टेरॉन: शाळेपासून.

क्लीओफस: खोटं. शाळेत मी एकही मॅच चुकवली नाही. मला कळलं नसतं?

वेंडल: बादली मी धरायचो, क्लीओ.

क्लीओफस: काय म्हणालास?

वेंडल: दर शुक्रवारी, मॅचच्या आधी, बसच्या मागे. तू वर प्रेक्षकांत टाय लावून बसलेला असायचास, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत, तो बारा नंबर माझा. मी म्हटलं, पोरवय आहे, जाईल. गेलं नाही. तुला सांगायला हवं होतं. तुझं तोंड बघून मला सांगवलं नाही.

क्लीओफस: दहा-बारा वर्षं दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं.

टेरॉन: तुम्हाला नाही. तुमच्यासाठीच करत होतो मी ते. तुमचं राहिलेलं पुरं करायचं म्हणून. मला वाटलं, जमेल.

क्लीओफस: मी तुला कधी म्हटलं का, माझं पुरं कर?

टेरॉन: म्हटलं नाहीत. पण मी सात वर्षांचा असल्यापासून या दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाला तुम्ही चौऱ्याऐंशीची गोष्ट सांगत होता. मी त्या कोपऱ्यात गृहपाठ करत बसायचो.

वेंडल: फोन लावू का त्या वार्ताहराला? लावायचा असेल तर आत्ताच सांग, तो जेवायला जाईल.

क्लीओफस: थांब जरा. टेरॉन, इकडे बघ. आरशात नको, माझ्याकडे बघ. पांढऱ्या जर्सीत पहिल्यांदा कुणावर आदळलास?

टेरॉन: एक जुना बचावपटू. दोनशे नव्वद पौंड. त्यानं मला उताणा पाडला. हा डागही त्याचाच, गेल्या आठवड्यातला.

क्लीओफस: आणि?

टेरॉन: आणि उठलो. सगळे हसले, मीही हसलो. पडलो तर मी एकटाच पडतो तिथे, आणखी कुणाचं काही पडत नाही.

क्लीओफस: त्यांनीच सांगितलं असेल असं बोलायला, असं अजूनही वाटतंय मला.

टेरॉन: वाटू द्या. मी तुम्हाला दोष देत नाही.

क्लीओफस: त्या दिवशी सकाळी काय केलंस? पहिल्या दिवशी, मैदानावर जायच्या आधी?

टेरॉन: जेवणघरात बसलो. नाश्ता केला.

क्लीओफस: काय खाल्लंस?

टेरॉन: चार अंडी. मक्याचे ग्रिट्स, भरपूर लोणी घालून. सॉसेज. मग पुन्हा रांगेत उभा राहिलो आणि आणखी दोन अंडी घेतली.

क्लीओफस: राहिलं पोटात?

टेरॉन: राहिलं, डॅडी.