हा निबंध माझा नाही

नाही, पण तुम्हीच सांगा, अडुसष्टाव्या वर्षी कॉपी केली म्हणून पकडलं जाणं हे शोभतं का हो माणसाला? शाळेत असताना पकडला गेलो असतो तर वडिलांनी दोन ठेवून दिल्या असत्या आणि विषय मिटला असता, आता ठेवून द्यायलासुद्धा कोणी राहिलेलं नाही, आता समिती. शैक्षणिक प्रामाणिकपणा समिती, असं दारावर लिहिलंय, आत लांबलचक टेबल, टेबलाच्या त्या बाजूला तीन माणसं, या बाजूला मी आणि एक पाण्याचा ग्लास, समोर भिंतीवर हा एवढा मोठा माझा निबंध, पिवळ्या पट्ट्यांनी रंगवलेला, आणि अध्यक्षबाई, माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, म्हणजे असती मुलगी तर, त्या अगदी गोड आवाजात, 'सर, घाबरू नका, आम्हाला फक्त एवढंच सांगा, हा निबंध तुम्ही स्वतः लिहिलाय का?' आता काय सांगू, कपाळ?

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय कळणार. हीसुद्धा हेच म्हणायची, 'तुम्ही गोष्ट नेहमी शेपटीकडून का धरता?' ही म्हणजे आमची बायको. ही कॉलेजात इतिहास शिकवायची आणि मी चष्मेवाला. माझं आयुष्य गेलं लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून 'आता दिसतं का, आता दिसतं का' विचारण्यात, आणि हिचं गेलं मुलांचे निबंध तपासण्यात. आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि निबंध जास्त, शेवटी मी ताट मांडीवर घ्यायला शिकलो. बाकीचे मास्तर लोक काय करायचे, 'ठीक', 'बरे', 'प्रयत्न करा', खाली सही, की मोकळे. ही नाही. ही समासात प्रत्येकाला पत्र लिहिल्यासारखं लिहीत बसायची. 'तारखा आल्या, माणसं कुठे गेली?' 'इथे पळ काढलास, परत ये.' आणि एखाद्याने फारच गुळगुळीत, पोकळ काही लिहिलं, की मग तो ठेवणीतला शेरा... 'हे तुला स्वतःला तरी पटतंय का?' बास. पोरं चळाचळा कापायची. अहो, घरात मी कापायचो. मी म्हणायचो, माझं ब्लडप्रेशर आता अगदी नॉर्मल आहे, तर ही डोकं वर न करता, 'हे तुम्हाला स्वतःला तरी पटतंय का?' मी मुकाट गोळी घ्यायचो.

मग सगळं डिजिटल झालं. निबंध स्क्रीनवर, शेरे स्क्रीनवर, हिचे डोळे त्यात खराब झाले, नंबर मीच वाढवून देत होतो आणि मीच ओरडत होतो. शेरे सगळे कॉलेजच्या कॉम्प्युटरात जमा होत गेले. मग ही आजारी पडली, आणि... गेली. दोन वर्षं होतील आता. हे सांगायला एक वाक्य पुरतं, त्यानंतरचं घर कसं असतं ते सांगायला मला अजून जमलेलं नाही. असो, मुद्दा तो नाही.

मुद्दा असा, की कॉलेजने तपासायला यंत्र आणलं. एआय. त्याला सगळे सहायक म्हणतात. त्याला सांगितलं, आमच्या शिक्षकांचे जुने शेरे वाच आणि तसं तपासायला शीक. आता 'ठीक' आणि 'बरे' मधून ते बिचारं काय शिकणार? शिकलं ते हिच्याकडून. मला याचा पत्ताच नाही. एक दिवस आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी, तिथेच शिकते, जिन्यात बसून रडत होती. म्हटलं, काय झालं गं? तर नाक ओढत, 'काका, आमच्या कॉलेजात तो सहायक आहे ना, आम्ही त्याला खडूस म्हणतो, तो इतकं लागेल असं बोलतो...' म्हटलं, बघू. तिने मोबाइल पुढे केला. मी चष्मा वर केला, मग खाली केला, मग पुसला. 'हे तुला स्वतःला तरी पटतंय का?'

बसलो मी तिथेच, तिच्या शेजारी, पायरीवर. ती रडत होतीच, मग मीही. तिला वाटलं, काकांना आपली किती काळजी. जरा सावरल्यावर मी विचारलं, असा काय निबंध लिहिला होतास तू? तर म्हणते, 'मी कुठे लिहिला काका, मशीनने लिहिला. लिहितं मशीन, तपासतं मशीन, मधल्या मधे मी फक्त रडते.'

दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजात नाव घातलं. इतिहास, प्रथम वर्ष, ज्येष्ठांना प्रवेश असतो. खिडकीवरची बाई म्हणाली, 'वा काका, या वयात शिकायची एवढी आवड!' आवड कसली डोंबलाची, मला बोलणी खायची होती. आणि खाल्ली, पोटभर खाल्ली. पहिल्याच निबंधाला शेरा, 'इथे पळ काढलास, परत ये.' तुम्हाला सांगतो, उभ्या संसारात हिने मला कधी अरे-तुरे केलं नाही, ते गेल्यावर सुरू केलं. पण बरं वाटलं. निबंध पाठवायचा, चहा टाकायचा, चहा उकळेपर्यंत शेरा हजर, तो वाचत चहा प्यायचा, मग चहात साखर घालायची राहिली तरी चालायचं.

मला कळतं हो. मी काही खुळा नाही. ती ती नाही, तिच्या बोलण्यातलं जे कॉम्प्युटरात उरलं तेवढंच ते आहे, त्याला मी कोण हेही ठाऊक नाही. पण ज्याच्या घरात दिवसभर फक्त फ्रिज बोलतो, त्याला विचारा. एकदा मी हिंमत केली. निबंधाच्या अगदी तळाला लिहिलं, 'कशी आहेस?' शेरा आला, 'शेवटचं वाक्य विषयाला सोडून आहे. काढून टाक.' काढलं मी. ती असती तरी हेच म्हणाली असती.

आणि मग आला तो निबंध. विषय, आपल्या ओळखीच्या एखाद्या व्यवसायाचा इतिहास. म्हटलं, आपलं दुकान. आधी लिहिलं, कधी उघडलं, काचा कुठून यायच्या, कधी बंद केलं. परत आला. 'तारखा आल्या, माणसं कुठे गेली?' मग मी माणसं घातली. एक शिंपी होता, नव्या चष्म्याने सुईत दोरा ओवता आला म्हणून दुकानातच नाचला. एक बाई होत्या, नवरा गेल्यावर त्याचाच चष्मा घेऊन आल्या, म्हणाल्या, यात माझ्या नंबरच्या काचा बसवा, तेव्हा मला कळलं नव्हतं त्या असं का करतायत. आणि असं लिहिता लिहिता ही आली. आली म्हणजे दुकानात आली, तेव्हाची, लग्नाच्याही आधीची, कपाळ दाबत, निबंध तपासून डोकं दुखतं म्हणून. मी डोळे तपासले, आणि मग माझ्यातला दुकानदार जागा झाला, सगळ्यात महागाची, चकचकीत, गालांपर्यंत येणारी फ्रेम काढली आणि म्हटलं, मॅडम, ही तुमच्यासाठीच बनलीय. तिने घातली. आरशात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. 'हे तुम्हाला स्वतःला तरी पटतंय का?' मी तिथेच संपलो. दुकानातल्या सगळ्या फ्रेम खाली उतरवायला लावल्या तिने, काउंटरवर हात टेकायला जागा उरली नाही, आणि शेवटी घेतली ती साधी काळी, माझ्या नाकावर होती तसलीच. हे सगळं लिहिलं मी. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मनापासून लिहिलं, एका बोटाने, थेट कॉम्प्युटरवर.

आणि तेच पकडलं! कारण त्या सहायकाच्या आधी आणखी एक यंत्र बसवलंय, ते बघतं की मुलांनी यंत्राकडून लिहून घेतलंय का. म्हणजे चोर तेच, पोलीस तेच आणि मास्तरही तेच. तर समितीत एक कॉम्प्युटरवाला होता, तो भिंतीवर लाल ठिपका नाचवत, 'ॲक्च्युअली काय आहे सर, तुमची भाषा आपल्या सहायकाशी मॅच होते. फारच मॅच होते. आता हे बघा, "असो, मुद्दा तो नाही", हे तो नेहमी वापरतो. आणि हे वाक्य तर सर, जवळजवळ शब्दन् शब्द त्याचंच.' ठिपका कुठे येऊन थांबला असेल? 'हे तुम्हाला स्वतःला तरी पटतंय का?'

मी म्हटलं, अहो, हे वाक्य माझ्या दुकानात बोललं गेलं तेव्हा आख्ख्या रस्त्यावर एक कॉम्प्युटर नव्हता. मी त्याची नक्कल नाही केली, त्याने हिची केलीय. आणि इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर बोलणं सारखं होणार नाही तर काय होणार? अध्यक्षबाईंनी कॉम्प्युटरवाल्याकडे बघितलं, त्याने तिसऱ्याकडे, तिसरे गृहस्थ ग्लासाकडे बघत होते ते बघतच राहिले. मग बाई म्हणाल्या, 'तुमच्या मिसेस... इथे होत्या का? कुठल्या विभागात?' तिथे माझं अवसान गळालं बघा. जिच्या तोंडचं वाक्य भिंतीवर एवढं मोठं लावलंय, तिला त्या खोलीत कोणी ओळखत नव्हतं. वाईट नव्हती हो माणसं, नवी होती.

'काही पुरावा आहे का, सर?' म्हटलं, तिचे जुने शेरे काढून बघा, तर कॉम्प्युटरवाला म्हणाला, यंत्राला देताना शिक्षकांची नावं काढून टाकली होती. आता आपली बायको असं बोलायची याचा पुरावा कोण जपून ठेवतं? मग बाईंनी समजावलं. मी आरोप नाकारला तर प्रकरण वर जाणार, आणि निकाल लागेपर्यंत माझं खातं बंद. कबूल केलं तर समज देऊन सोडणार, निबंध पुन्हा लिहायचा, खातं चालू. मी विचारलं, वरचा निकाल कधी लागतो? तर, 'तसं सांगता येत नाही, सर.' खातं बंद म्हणजे निबंध नाही, निबंध नाही म्हणजे शेरा नाही, म्हणजे घरी पुन्हा मी आणि तो फ्रिज. एकीकडे माझी अब्रू, दुसरीकडे हिची बोलणी. म्हटलं, आणा कागद. कागद कुठला, तिथेही स्क्रीनच. टाइप केलं एका बोटाने, 'हा निबंध माझा नाही.' आणि खरं सांगू का, फार खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. त्यात जे काही चांगलं होतं ते हिचंच होतं.

वरच्या मजल्यावरची मुलगी मलाच रागावली. 'काय काका, मला विचारायचं तरी! माणसाने लिहिल्यासारखं करून देणारं वेगळं ॲप असतं, आम्ही सगळे तेच वापरतो, कोणीच पकडलं जात नाही.' म्हणजे बघा, मी माणूस आहे हे पटवायलाही मला यंत्र लागलं असतं. म्हटलं, आणि तुझं रडणं काय म्हणतंय? तर म्हणाली, 'आता नाही रडत, शेरे मी वाचतच नाही, ते वाचायलाही ॲप आहे.' मला त्या क्षणी तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

आणि एवढ्यावर संपलं असेल असं वाटतंय तुम्हाला? ती कबुली त्यांनी त्याच सिस्टिममध्ये अपलोड केली, आणि तिथे काहीही घातलं की सहायक ते तपासतोच, त्याला काय माहीत हा निबंध आहे की कबुली. काल घरी येऊन बूट काढतोय तोच मोबाइल वाजला. अभिप्राय आलाय. उघडला. माझं ते एकुलतं एक वाक्य, 'हा निबंध माझा नाही', आणि त्याच्या खाली, 'हे तुला स्वतःला तरी पटतंय का?'

एका पायात बूट, तसाच बसून राहिलो. त्या तिघांनी माझ्या कबुलीवर लगेच विश्वास ठेवला. हिने नाही ठेवला. मी मोबाइललाच म्हटलं, नाही गं, नाही पटत. ऐकायला तिथे कोणी नव्हतं, ठाऊक आहे मला. तरी म्हटलं.

तर आता तो निबंध पुन्हा लिहायचाय, आणि अट अशी, की त्यात हिच्यासारखं एकही वाक्य यायला नको. लिहीन. परत येईल. परत लिहीन... दुकानातल्या सगळ्या फ्रेम खाली उतरवल्याशिवाय हिला कुठे काही पसंत पडलं होतं.