शंकरच्या नावाची पाणबुडी

— नाही रे बाबा, शिडीवरून उतरू नको, मी खालूनच बोलतो, तू रंगव — फक्त ते नाव लिहायचं तेवढं थांब. मी कोण? ज्याचं नाव लिहिणार ना तू, शंकर, त्याचा धाकटा भाऊ. धर्मराज. इथंच बेलवलीत राहतो. तू कॅम्प तीनवरनं आलास, तुला कसं ठाऊक असणार? ही पाणबुडी म्हणजे मंडळाचा मागच्या गणपतीचा देखावा — आत बाप्पा बसवला होता, लायटिंग होती, सगळं होतं. मग वर्षभर शेडमध्ये पडली, कोंबड्या अंडी घालायच्या हिच्यात. आता इलेक्शन आलं, सुयोगदादा उभे आहेत, त्यांना चौकात शहीद पाहिजे होता — तर मी सापडलो. "काका, भाऊ नेव्हीत होता ना? मग झालं तर, पाणबुडी पडूनच आहे!" आता पडूनच आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?

नाही, बोललो की मी. दोनदा बोललो. म्हटलं दादा, आमचा शंकर पाणबुडीवर नव्हता हो, जहाजावर होता, एकाहत्तरच्या लढाईत — शत्रूच्या पाणबुडीनंच तर बुडवलं ते जहाज. दादा म्हणाले, काका, पब्लिक एवढं बघत नाही. खरंय. त्या बॅनरवर बघ, छातीभर बिल्ले लावलेत त्याला — अरे, चपात्या लाटायचा तो जहाजावर! वैनीनं विचारलं, हा साहेब कोण? वैनी म्हणजे बनूबाई, त्याची बायको. उद्या तिच्या हातानं हिच्यावर नारळ फोडणार आहेत — जिनं नवरा नेला तिच्यावर. नारळ कशावर फोडायचा ते मी वैनीला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू? म्हणून म्हणतो, निदान नाव तरी नको.

हसतोस? हस, हसण्यासारखंच आहे. पण एक सांगू — त्याच लढाईत त्यांचीही एक पाणबुडी तळाला गेली, आतल्या सगळ्या पोरांसकट. रेडिओवर लागलं तसा आमच्या आईनं आळीभर गूळ वाटला. म्हणाली, आता माझ्या शंकरला भ्या नाही. आणि मग थोड्याच दिवसांत आमच्या दारात तार. आई पुढं मरेपर्यंत एकच म्हणायची — तिकडंही कुणीतरी वाटला असेल गूळ. हे दादांना नको सांगू हां, इलेक्शन आहे त्यांचं — मी तरी तुला कशाला सांगत बसलोय —

थांब. वैनी आली. कुणी सांगितलं हिला? वैनी, अगं रंग ओला आहे, हात नको — लावलाच. फिरतेय बघ सगळीकडनं, हातानं चाचपतेय. काय गं? काय शोधतेस?

ऐकलंस का रे? विचारते, ह्याला दार कुठंय. आतली पोरं बाहेर कशी येतात?

जा बाबा, तू चहा पिऊन ये. ब्रश नि रंगाचा डबा राहू दे तसाच. जा.