भाऊ म्हणून कोणी आला तर

—नाही, नाही, शिट्टी तोंडात धरून बसायचं नाही. खिशात ठेवायची. तुमच्या आधी इथे होते ना, मिशीवाले, ते शिट्टी तोंडात धरून बसायचे, आणि दुपारी जेवण झालं की डुलकी लागायची, मग श्वासाबरोबर शिट्टी वाजायची — बारीक, अगदी लयीत — आणि पहिल्या मजल्यावरच्या आजीबाई खिडकीतून ओरडायच्या, काय झालं, कोण शिरलं? कोणी शिरलेलं नसायचं. वॉचमन झोपलाय एवढंच अख्ख्या सोसायटीला कळायचं. बसा हो, बसा. उभं राहून ऐकलं म्हणजे जास्त समजतं असं काही नाही. मी कोण ते एजन्सीवाल्यांनी सांगितलं ना तुम्हाला? सुरक्षा समितीचा अध्यक्ष. समितीत आम्ही तिघं — सेक्रेटरी, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि मी. बाईंना वेळ नसतो, सेक्रेटरींना ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचे निर्णय सगळे एकमताने होतात.

तुम्हाला वाटत असेल, चार इमारतींची सोसायटी, त्यात न्यायला काय ठेवलंय एवढं? मलाही तसंच वाटायचं. पूर्वी इथे गेट होतं, पण ते नुसतं नावाला — कुत्रीसुद्धा त्याला मान द्यायची नाहीत. मग एक दिवस एक सुटाबुटातला गृहस्थ आला. म्हणाला, मी सेक्रेटरींचा मामेभाऊ, त्यांच्या घराला कुलूप दिसतंय, जरा टेकू का तुमच्याकडे? हे कोणाला म्हणाला, तर डॉक्टरीणबाईंना. बाईंनी बसवलं, चहा दिला. साखर कमीच घाला, म्हणाला तो. बोलता बोलता दाढ दाखवून घेतली — बाईंचा स्वभाव असा, कोणी तोंड उघडलं की आधी दात बघतात — आणि जाताना बैठकीतलं घड्याळ आणि दारातली सायकल घेऊन गेला. सायकलवर बसल्यावर त्याने हात हलवला म्हणे. बाईंनीही हलवला. पुढे पोलिसांनी वर्णन विचारलं, तर बाई म्हणतात, चेहरा काही लक्षात नाही, पण उजवीकडच्या दाढेला खड्डा आहे. हसू नका. म्हणजे हसा, पण त्यांच्यासमोर नको, त्या सहाच्या सुमारास येतात.

तर तेव्हा सगळ्यांना जाग आली आणि सगळे माझ्याकडे आले. का, तर मी आयुष्यभर गोदाम सांभाळलंय. मोठं गोदाम, ट्रकच्या ट्रक आत जायचे. माल आत येणार, माल बाहेर जाणार, आणि मधे मी. माझ्या कारकिर्दीत एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही — हे मी नाही म्हणत, निरोपसमारंभात साहेब म्हणाले. मग मी इथे ही केबिन बांधून घेतली, ही दांडी बसवली, घराघरांत इंटरकॉम दिले. आणि नियम. येईल त्याला विचारायचं — कोण, कुणाकडे, काय काम. मग इंटरकॉम. वरून हो आलं तर दांडी वर. उत्तर आलं नाही तर राम राम, पुन्हा कधी तरी या. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम तो — तो नीट ऐका — नातं सांगेल त्याच्यावर दुप्पट संशय. कारण उघड आहे. सेक्रेटरींचा मामेभाऊ म्हणून घड्याळ गेलं, उद्या अध्यक्षांचा मेहुणा म्हणून कोणी तिजोरी नेईल. मिशीवाल्यांना मी याच खुर्चीवर बसवून सांगितलं होतं, माझं नाव घेऊन कोणी आला, मेहुणा म्हणाला, भाऊ म्हणाला, खुद्द बाप म्हणाला, तरी सोडायचं नाही. बाप तर मुळीच नाही, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

पण नुसतं सांगून माणूस शिकतो का? नाही शिकत. गोदामात मी काय करायचो, मधूनच एखादं खोकं लपवून ठेवायचो आणि बघायचो कोणाच्या लक्षात येतंय ते. तसंच इथे. परीक्षा. माझ्या न्हाव्याला माझाच कोट घातला आणि पाठवला — जा, सांग मी साहेबांचा मेहुणा. मिशीवाल्यांनी त्याला सलाम ठोकला आणि लिफ्टपर्यंत पोचवून आले. मी लिफ्टमध्येच उभा होतो. काय चेहरा झाला म्हणून सांगू त्यांचा, मिशीसुद्धा खाली आली. मग आमचा एक जुना कारकून पाठवला, साडू म्हणून. तोही आत. तिसऱ्या वेळेला मात्र गडी तयार झाला. त्यानंतर कोणी पाठवा, त्यांच्या डोळ्यांत ती चमक दिसायची — आला बरं का साहेबांचा माणूस. झोप गेली, शिट्टी खिशात गेली. बायको म्हणायची, अहो, त्या बिचाऱ्याला कशाला छळता, आणि लोक तुम्हाला वेडा म्हणतात ते वेगळंच. म्हणू देत. सुरक्षा ही चेष्टेची गोष्ट नाही, असं मी भाषणातही सांगतो. हो, भाषणं देतो मी, आजूबाजूच्या सोसायट्यांमधून बोलावतात — गेट कसं सांभाळावं. आमचं बघून सगळ्यांनी हेच नियम घेतले. पाणी घ्या. घ्या हो, उन्हाचे आलात.

तर असाच मी एका दुपारी भाषणाला गेलो होतो. बायको तिच्या बहिणीकडे. परत आलो, तर मिशीवाले इथे, बरोबर इथे, ताठ उभे, आणि चेहरा असा की आतून दिवा लावलाय. म्हणाले, साहेब, पास ना? मी म्हटलं, कशात? म्हणाले, आता पुरे साहेब, ओळखलं मी. आज तुम्ही भारी माणूस पाठवलात, पण मी नाही फसलो. मी म्हटलं, आज मी कोणालाच पाठवलं नाही. तर डोळा मारतात मला — अध्यक्षाला. म्हणाले, काय नट शोधलात साहेब. म्हातारा, चांगला वाकलेला, कपाळावर घाम. विचारलं कोण, तर म्हणतो मी त्याचा मोठा भाऊ. विचारलं काय काम, तर म्हणतो काम काही नाही, असाच आलोय. साहेब, काम नाही म्हणतो, तिथेच पकडला मी. नियमाप्रमाणे इंटरकॉम केला, कोणी उचलला नाही. मग मी हसलो आणि म्हटलं, काका, परत जा. आमच्या साहेबांनीच सांगून ठेवलंय, भाऊ म्हणून कोणी आला तर आत सोडायचं नाही. आणि साहेब, कमाल म्हणजे, हे ऐकल्यावर त्याने काय चेहरा केला — एकदम खराखुरा. मग गेला. आणि वेष तरी काय दिलात, आभाळात ढग नाही आणि माणसाच्या हातात दोन छत्र्या.

दोन छत्र्या म्हटल्यावर मला कळलं.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, शाब्बास. दुसरं काय म्हणणार? त्या माणसाने अक्षर न् अक्षर मी शिकवलेलं केलं होतं. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि वर गेलो आणि बूट न काढता पलंगावर बसून राहिलो. पुढे एजन्सीने त्यांना मोठ्या कंपनीच्या गेटवर घेतलं, माझीच शिफारस. चांगला माणूस. त्यांना अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका, भेटले तर.

छत्रीचं काय, तेच ना? अहो, हसाल तुम्ही. दादाची एक छत्री होती, लाकडी मुठीची. मी एकदा त्याच्याकडून येताना घेतली, आणि परत द्यायच्या आधी ती गेली. हरवली नाही — गेली, कोणीतरी नेली, दोन्हींत फरक आहे. तर दादा भर लग्नात, माझ्या साडूंसमोर, व्याह्यांसमोर म्हणाला, हा गोदाम सांभाळतो म्हणे, याला साधी छत्री सांभाळता येत नाही. लोक हसले. मला लागलं. मी म्हटलं, तुझ्या छत्रीचा पुतळा उभारतो चौकात. तो म्हणाला, नको, तोही हरवशील. लोक आणखी हसले. आणि तिथून आमचं बोलणं बंद. बायका आपापसात बोलायच्या, आमची खुशाली एकमेकींना द्यायच्या, आम्ही दोघं शेजारी बसून तिसऱ्याशी बोलायचो. छत्रीवरून, हो. दोन म्हातारी माणसं. तुम्ही मोठ्या कुटुंबातले असाल तर तुम्हाला माहीत असेल हे, भांडणाचं कारण जितकं फुटकळ तितकं मिटवायला अवघड. मोठं काही असलं तर निदान क्षमा तरी मागता येते.

आणि तो आला होता. तो. मोठा असून. एवढं ऊन डोक्यावर घेऊन, गुडघे धरलेले असताना, एक त्याची आणि एक माझ्यासाठी अशा छत्र्या घेऊन — मला माहितीये काय बोलणार होता, दारातच म्हणणार होता, ही घे, आता हीसुद्धा हरवून दाखव. तेवढंच. मग आम्ही चहा प्यायलो असतो आणि सगळं संपलं असतं. त्याऐवजी काय ऐकून गेला? धाकट्याने गेटवर सांगून ठेवलंय, भाऊ आला तर सोडायचं नाही. आणि खोटंही नाही हो त्यात काही. सांगितलं होतंच मी. शब्द माझेच.

फोन? केला की. तुम्हाला काय वाटलं, बसून राहिलो? वहिनींनी उचलला. एरवी माझा आवाज ऐकला की वहिनी आधी दहा मिनिटं माझ्या पथ्याची चौकशी करतात. त्या दिवशी म्हणाल्या, ते झोपलेत. संध्याकाळची वेळ, मागे टीव्ही चालू, आणि टीव्हीवरच्या बातम्यांना दादा नावं ठेवतोय ते मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, बरं, उठला की सांगा. काय सांगणार, की मी न्हाव्याला कोट घालून पाठवायचो म्हणून असं झालं? तुम्हीच सांगा, खरं वाटेल कोणाला? मला स्वतःला बोलून बघताना खोटं वाटतं.

मग गेलो एकदा. हो, त्याच्या सोसायटीत. तिथे तर सगळं माझ्या भाषणाबरहुकूम — केबिन, दांडी, रुबाबदार वॉचमन. त्याने विचारलं, कोण? मी म्हटलं, भाऊ. त्याने बघितलं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत. मी तिथे उभा राहिलो ना, तेव्हा कळलं गेटच्या बाहेरच्या बाजूला कसं वाटतं ते. त्याने वर इंटरकॉम केला. रिंग वाजत होती. वाजतेय, वाजतेय — आणि मी निघून आलो. उचलला असता तर काय म्हणाला असता दादा, हो की नको? तेच ऐकायची छाती झाली नाही माझी. नको म्हणाला असता तर मी त्या वॉचमनच्या तोंडून ऐकलं असतं. मी घाबरलो, दुसरं काय. सुरक्षा समितीचा अध्यक्ष आणि पळून आलो रिक्षात बसून.

म्हणून मी हल्ली इथे बसतो संध्याकाळचा. सोसायटीतले म्हणतात, अध्यक्ष फार दक्ष झालेत, गेटवरून हलत नाहीत. बायकोला कळलंय, ती नुसती शाल आणून देते. पण चोवीस तास तर नाही ना बसता येत मला. आंघोळ आहे, दवाखाना आहे. म्हणून तुम्हाला सांगतोय. तो पुन्हा येईल का? — मला नाही वाटत. हट्टी आहे. पण आलाच समजा.

ओळखणार कसं? हां, ते आहेच. उंच आहे. म्हणजे होता. माझ्यासारखा दिसतो का — आई म्हणायची दिसतो, आम्ही दोघंही नाही म्हणायचो. मोबाइलमध्ये फोटो असेल, थांबा. हा बघा — नाही, ही बायकोची बहीण. हा. पण यात त्याने मान फिरवलीय. सगळ्या फोटोंत आम्ही असेच उभे, एक इकडे बघतोय, एक तिकडे. जाऊ द्या. फोटोवर जाऊ नका. तुमच्याकडून चूक झाली तर मी तुम्हाला काय बोलणार आणि मला काय मिळणार. त्यापेक्षा असं करा, कोणीही आला आणि म्हणाला, मी साहेबांचा भाऊ, की दांडी वर करायची. हो, कोणीही. शहानिशा नको, इंटरकॉम नको, काय काम ते तर मुळीच विचारायचं नाही. चोर निघाला तर निघू दे, मी त्याला चहा देईन, जे न्यायचं ते नेऊ दे. असे दहा खोटे आले तरी चालतील मला. तो एक परत जायला नको. समितीला काय सांगायचं? समितीला काही सांगायचं नाही. असे बघू नका माझ्याकडे, उठा आता, तो टेम्पोवाला मघापासून हॉर्न देतोय. बघा त्याला काय हवंय.