भिंत झाली की येतो

— नाही नाही, तिकडे नका जाऊ भाऊ, तिकडे नुसता चिखल आहे, गुडघ्यापर्यंत पाय जाईल आणि चप्पल आतच राहील — इकडून या, या दगडांवरून. हां. भिंतीला धरून चला. हलत नाही ती, पक्की आहे. काय विचारलंत? ह्या भिंतीला हात कुणाचा? बघा, तुम्ही कारागीर माणसं, तुम्हाला लगेच कळतं. आम्हाला काय, भिंत म्हणजे भिंत. पण आमचे हेसुद्धा म्हणतात — ते काय, तिकडे त्या मोठ्या रानभेंडीच्या झाडाखाली पाठ करून बसलेत ना, ते आमचे मिस्टर — तेही म्हणतात की असा सरळ थर त्यांनी दुसरा बघितला नाही. गणू गवंडी म्हणून होता एक, कल्याणचा. होता म्हणजे — आहे. आहे हो! घरी आहे. काम सोडलं त्याने, एवढंच. माणसं सोडतात की काम. तुम्ही आधी सगळं फिरून बघा, मग बोलू. आवाज येतोय का हो तुम्हाला? इंजिनासारखा? नाही ना? वारा असेल मग. वाराच असेल.

रुचिताने फोनवर सांगितलंच असेल तुम्हाला — माझी सून, तिच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं कंपाउंड तुम्हीच बांधलंत ना. ती म्हणाली, आई, सिद्धेश मिस्त्री म्हणजे दिलेल्या शब्दाला येणारा माणूस. मी म्हटलं, मला तेवढंच पाहिजे. येणारा माणूस पाहिजे. कारण बेटावर यायचं म्हटलं ना, की निम्मे लोक फोनवरच गळतात. होडीतून जायचं? विटा होडीतून? सिमेंट होडीतून? अहो, हे काय समुद्रापलीकडे आहे का, कोलशेतच्या आमच्या गॅलरीतून दिसतं. दिसतं हेच वाईट. सकाळी उठले की आधी गॅलरीत जाते मी, ह्यांनी टॉवेल वाळत घातलेला दिसला की मग चहा ठेवते. नाही दिसला तर नाही ठेवत. कधी कधी ते मेले विसरतात टॉवेल घालायला, आणि मी तशीच उभी — असो. जमीन सासूबाईंच्या माहेरची. पूर्वी भात व्हायचं, वांगी व्हायची, विहीर आहे ती बघा, पाणी गोडं आहे, तुम्हाला कालवायला चालेल. आम्ही दोघं वागळे इस्टेटला होतो, हे लेथवर, मी पॅकिंगला. रिटायर झाल्यावर इथे झाडं लावायची, सुट्टीत नातवाला आणायचं — असं सगळं ठरलेलं आमचं.

आधीचे कोण कोण आले? सांगते ना. पहिला आला मितेश म्हणून, कॉन्ट्रॅक्टर. पांढरे बूट घालून आलेला! चिखलात उतरेना, होडीतूनच बोट दाखवायचा, इथून तिथपर्यंत ना मावशी, हो जाएगा मावशी. झालं की. भिंत झाली, चांगली कमरेएवढी. पण त्याने काय केलं, विकतची रेती आणायचा त्रास नको म्हणून ही खाडीचीच रेती उचलली आणि खाडीच्याच पाण्यात कालवली. एका पावसात लोणा लागला. पांढरी फटक झाली भिंत, बोटाने उकरलं की पीठ. फोन केला तर म्हणतो, मावशी, हवाच खारी आहे तिथली. बरं, दुसरे आले ते कल्याणच्या नाक्यावरचे, चौघं जण. कामाला वाघ! पाया खणला, जेवले, हात धुतले, उद्या येतो म्हणून गेले. आलेच नाहीत. फोन बंद. हत्यारं इथेच — ती फावडी पडलीत ना गंजलेली, ती त्यांचीच. मला वाटलं, दुसरीकडे जास्त मिळालं असेल, गेले. माणसं अशीच, भरवशाची मिळत नाहीत म्हणतात ना सगळे, मीही तेच म्हटलं.

पण हत्यार टाकून गवंडी जात नाही हो. तुम्ही पण तेच म्हणताय ना? नाही जात. मग मला तानाजीने सांगितलं — हा होडीवाला आपला, तुम्हाला घेऊन आला तो — तो म्हणाला, वहिनी, धक्क्यावर त्यांना दोघं भेटले होते. दमदाटी केली का? नाही. हात लावला का? नाही. थंडा पाजला. गाडीच्या सावलीत उभं केलं, थंडा पाजला आणि विचारलं, घरी कोण कोण आहे. बस, एवढंच. घरी कोण कोण आहे.

कोण म्हणजे? रेतीवाले. आता — हे मी तुम्हाला नंतर सांगणार होते. आधी काम आवडू दे म्हटलं. थांबा हो, लगेच तोंड असं करू नका. इथे पंप लावून रेती ओढतात ना खाडीतून, चोरून, तुम्ही ऐकलं असेल. आमच्या काठालाच बोट लावतात. पाइप खाली सोडला की काठाच्या पोटातली रेती जाते, आणि मग वरची जमीन आपोआप खाली बसते. तुम्ही उभे आहात ना, तिथून पुढे आमचं एक चिंचेचं झाड होतं. त्याच्याही पुढे जमीन होती. आता पाणी आहे. तक्रार केली की येतात बिचारे साहेब लोक, बोट पकडतात, पंप तोडतात — ते दुसरी बोट आणतात. आणि भिंत त्यांना का नको? कारण एकदा भिंत उभी राहिली की हद्द दिसते. हद्द दिसली की गेलेली जमीन पण दिसते. कुणीही फोटो काढेल.

ऐकलंत? ऐकलंत ना आता? नाही? तानाजीकडे बघा बरं, तो उभा राहिलाय का होडीत — नाही, बसलाय. बसलाय म्हणजे काही नाही. त्याला आधी कळतं.

गणूचं सांगते. सांगायलाच पाहिजे, तुम्ही त्याच्या भिंतीला हात लावून उभे आहात. त्याला मी सगळं आधी सांगितलेलं, बरं का. काही लपवलं नाही. तो म्हणाला, ताई, मी भिंत बांधतो, भांडण बांधत नाही, मला कोण काय करणार? रोज यायचा. दोरी लावायचा, ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचा. आणि हे त्याच्या हाताखाली! साहेबासारखे राहिलेले आमचे हे, तो म्हणेल तशी वीट द्यायचे. हसायचे. मी डबा घेऊन आले की दोघं एका पानात जेवलेले असायचे आधीच. छातीएवढी आली भिंत. मग एक दिवस विटांची होडी येत होती, ऊन मी म्हणत होतं, भर दुपार, लपवाछपवी काही नाही — आणि समोरून त्यांचा बार्ज आला. मोठा, लोखंडी. मी इथेच उभी होते. मला वाटलं, वळेल. वळतातच ना? मी हात केला, अरे वळ, वळ की रे! त्याच्या टोकाला एक माणूस बसलेला, पाय खाली सोडून. तो माझ्याकडे बघत होता. होडीकडे नाही, माझ्याकडे. आणि वळला नाही बार्ज. होडी इथल्या धक्क्याला दाबली त्याने, सावकाश, जसं दार लावतात तसं. गणूने हात मध्ये घातला. होडी वाचवायला, दुसरं काय. उजवा हात.

नाही, वाचला तो. म्हटलं ना, आहे. हात आहे पण बोटं मिटत नाहीत. थापी धरता येत नाही. मी गेलेले त्याच्या घरी, कल्याणला. त्याची बायको, रखमाबाई — मला वाटलं शिव्या देईल, दाराबाहेर काढेल. तिने चहा केला. कप हातात दिला आणि विचारलं, ताई, भिंत किती राहिली? कुत्सितपणे नाही हो, खरंच विचारलं. कप खाली ठेवला आणि आले.

आणि तेव्हापासून हे इथे. घरी येत नाहीत. त्या खोपटात झोपतात, आणि मांडीवर कोयता घेऊन बसतात, तो बघा आत्ताही असेल. आधी मला वाटलं, झाडं छाटायला. ते छाटायला नाही. पंपाचा आवाज आला की उठतात, काठावर जाऊन उभे राहतात, एकटे. ते लोक हसतात बोटीतून. हसतात तोपर्यंत ठीक आहे, असं मी मनाला सांगते. पण एक दिवस हसणार नाहीत. किंवा एक दिवस कुणी काठावर उतरेल, आणि हे — अहो, ह्यांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता! लेथवर कुणाचं बोट गेलं तर हे चक्कर येऊन पडायचे. आणि परवा मला म्हणतात, शालन, एक जरी उतरला ना वर, तरी मला बरं वाटेल. बरं वाटेल म्हणतात! मला त्या रेतीवाल्यांची भीती वाटते, हो, वाटते. पण त्यांच्यापेक्षा जास्त — कुणाला सांगू नका — ह्यांची वाटते. डबा घेऊन होडीत बसते तेव्हा रोज वाटतं, आज ह्यांना मारलेलं असेल. नाहीतर ह्यांनी मारलेलं असेल. दोन्हीतलं कुठलं बघावं लागेल, एवढंच ठरायचं आहे.

मुलगा आला, रडला, पाया पडला. नाही. मी भांडले. नाही. एकच वाक्य — भिंत झाली की येतो. गणूची भिंत अर्धी राहिली, ती पुरी झाली की येतो. म्हणून भिंत पाहिजे मला. जमीन जाऊ दे, चुलीत जाऊ दे! मला माणूस घरी पाहिजे. म्हणून फोन करत सुटले, म्हणून रुचिताला खोटं सांगितलं की आता सगळं शांत आहे, म्हणून तुम्हाला मघाशी म्हटलं की वारा आहे. वारा नाहीये भाऊ. पानसुद्धा हलत नाहीये.

काय? करता? सोमवारपासून? नाही, थांबा — मी सांगितलेलं सगळं ऐकलंत ना तुम्ही? बार्जचं ऐकलंत? तरी करता? अहो, पण तुमच्या — घरी कोण कोण आहे तुमच्या?

मुलगी. सान्वी. गोड नाव आहे. नका, फोटो नका दाखवू. नको. आत ठेवा तो फोन. ठेवा हो! बघा, मीही तेच विचारलं. त्यांनी विचारलं तेच. माझ्या तोंडून निघालं.

नाही बांधायची भिंत. तुम्ही नाही बांधायची. रागावू नका, तुम्ही यायला तयार झालात ना, तेच — तेच नको आहे मला. अजून एक हात नको. ऐका, माझं दुसरं एक काम करा. लहान काम आहे, आत्ता होईल. ह्यांना जाऊन सांगा की काम घेतलं. सांगा की वरच्या थराला दगड लागेल, आणि दगड मालकाने स्वतः येऊन पसंत करायचा असतो, कल्याणला, आजच. ते येतील. कामाचं म्हटलं तर येतील, मी म्हटलं तर येणार नाहीत. एकदा होडीत बसले की मी बघते, मुलगा धक्क्यावर उभा राहील, मी फोन केलाय त्याला — हो, आधीच केलाय, तुम्ही विहीर बघत होतात तेव्हा. खोटं आहे, माहितीये मला. तुम्ही शब्दाचे पक्के आहात, तेही माहितीये, म्हणूनच ह्यांना खरं वाटेल. मिस्त्री, तानाजी उभा राहिला. बघा. उभा राहिला तो. आता तरी ऐकू येतंय ना तुम्हाला?

आले, उठले हे. इकडेच येतायत. हसा थोडं. — अहो! हे बघा, हे सिद्धेश मिस्त्री, कल्याणचे. काम घेतलंय ह्यांनी. हो, पुरं करतायत, गणूने सोडलं तिथूनच. हो ना, मिस्त्री? — सांगा ना ह्यांना, दगडाचं. बोला की. बोला, भाऊ.

— ऐकलंत ना अहो? मालकाला यावं लागतं. आजच, उद्या दगडाचं यार्ड बंद आहे. मला काय कळतं दगडातलं, तुम्हीच चला. हो, शर्ट घाला चांगला. घाला, आम्ही थांबतो.

गेले. खरंच गेले आत. बघा, दाराला कुलूप शोधतायत. इतक्या दिवसांत कुलूप लावलं नव्हतं हो त्यांनी. छान बोललात तुम्ही. कान लाल झालेत तुमचे. झाले तर झाले. बंदराला वळसा घालून येईपर्यंत वेळ आहे अजून बार्जला, तानाजी काठाकाठाने नेईल, तिवरांच्या झाडीआडून. ह्यांना मध्ये बसवा, पाठ त्या बाजूला करून. आणि हे बघा, धक्क्यावर उतरलात की तुम्ही सरळ रिक्षा बघायची. आमचं जे काय होईल ते होईल, हे ओरडतील, मला शिव्या घालतील, तुम्ही थांबायचं नाही. माझा नंबर काढून टाका. मी फोन करेन तुम्हाला. हे दोन दिवस घरात बसले, ह्यांचं तोंड बघितलं, की मी करेनच, रडेन, म्हणेन या हो, एवढी भिंत पुरी करा — मला मी माहितीये. उचलायचा नाही. सान्वीची शपथ आहे तुम्हाला, उचलायचा नाही.

चला, पाय टाका होडीत. गप्प आता. आले ते.