आतड्याचा निरोप

कोरियातल्या देगू शहरातल्या हॉस्पिटलात माझ्या शेजारी बहीणभाऊ निकालाची वाट पाहत बसले होते. भावाचं कायमचं दुखणारं स्वादुपिंड वसंतात काढून टाकलं होतं. त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तेवढ्या वेगळ्या करून डॉक्टरांनी त्याच्याच यकृतात सोडल्या होत्या.

"गिल्सू, पाय हलवू नकोस. बाक हलतोय."

"ताई, तूच थरथरतेयस."

"मला सांग, मघाशी तपासणीसाठी तू ते गोड पेय प्यायलास. ते पोटात आल्याचं यकृतातल्या पेशींना कोण सांगणार?"

"आतडं. खाणं पोचलं की ते रक्तात हार्मोन सोडतं."

"पण त्या पेशींचं घर बदललंय. आतड्याला कुठे माहीत?"

"माहीत नसलं तरी चालतं. रक्त सगळीकडे फिरतं. पेशी जिथे असतील तिथे त्यांना निरोप मिळतो, जेवण आलंय, तयारीला लागा."

"साखर चढायच्या आधीच?"

"चढायला लागते, तोवर निरोप निघालेलाही असतो."

"अगं बाई! आणि हे सगळ्यांच्या पोटात चालतं?"

"तुझ्याही. सकाळी सोयाबीनचं सूप भुरकत होतीस ना, तेव्हासुद्धा."

"आणि मी मेली त्यात मीठ कमी म्हणून कुरकुरत होते!"

दारातून नर्सबाई डोकावल्या. "चोई गिल्सू कोण? तुमच्या पेशींनी इन्सुलिन सोडलंय, भरपूर. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन बंद करून पाहू."

ताई उठली आणि कमरेतून वाकून पुन्हा पुन्हा नमस्कार करू लागली.

"ताई, रडू नकोस. आणि इतकी वाकतेस कुणाला? नर्सबाई केव्हाच गेल्या."

"त्यांना नाही रे. तुझ्या पोटाला."