गुडघ्याचं गुपित

नाही, पण मी म्हणतो, गाडा पडला उजव्या गुडघ्यावर, मोडला उजवा, मग चौकशी डाव्याची कशाला? एकोणीस वर्षं, तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं जपलं होतं मी ते गुपित! डावा लहानपणी ट्रॅक्टरखाली सापडला तो सापडलाच, वाकत म्हणून नाही, पण डेल्मर मालकांच्या खुर्च्यांच्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी अशा काही ऐटीत शिरलो, की कुणाला कळलंसुद्धा नाही! आणि काम काय मिळालं? तयार खुर्ची डुगडुगते का, ते बघायचं. मी! स्वतः डुगडुगत!

तर ब्याण्णव सालच्या मे महिन्यात खुर्च्यांच्या पायांनी भरलेला गाडा सुटला, बाकीचे टुणकन बाजूला, मी उडी मारायला गेलो तर डावा म्हणाला तू हो पुढे... आणि उजवा गेला. औषधपाणी, घरबसल्या पगार, सगळं मालकांच्या डोक्यावर. कारखान्याला कुलूप लागायची पाळी. आता आमच्या जॉर्जिया राज्यात मालकाला भरपाई देणारा सरकारी निधी आहे, पण अट ऐका हं, कामगार आधीच अधू आहे हे मालकाला अपघाताआधी ठाऊक हवं. ठाऊक असून कामावर ठेवला, तर भरपाई. ठाऊक नव्हतं, तर बसा बोंबलत!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या ऐटीपायी भला माणूस बुडणार! म्हणून सुनावणीला मी मनाचा मोठेपणा दाखवून निधीच्या साहेबांना सांगितलं, की मी लपवलं खरं, पण मालकांना ठाऊक होतं असं धरून चाला. साहेब म्हणाले, धरून चालता येत नाही, लेखी पुरावा लागतो.

तर आमच्या ऑफिसातली लोरेटा उठली आणि खोकंच घेऊन आली! पहिला कागद माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातला, मालकांच्या अक्षरात. 'हॉलिस लंगडतो. शिडीवर चढवू नका. उंच स्टूल द्या. आपल्याला कळलंय हे त्याला कळू देऊ नका, बिचारा लाजतो.' खाली सह्या कुणाच्या? अख्ख्या कारखान्याच्या! आणि ते स्टूल मला मान म्हणून दिलंय, असं मी बायकोला सांगत होतो हो... चार जुलैच्या सहलीत पोत्यांच्या शर्यतीला दरवर्षी मलाच पंच का? तर म्हणे माझ्या न्यायबुद्धीवर लोकांचा भरवसा! आणि मी आपला ऐटीत, कुणाला कळलंसुद्धा नाही!

मधल्या सुटीत मालकांना गाठलं. डोळे भरून आले होते माझे, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "एकदा बोलायचंत तरी."

"तू इतक्या मेहनतीनं लपवत होतास, हॉलिस," ते म्हणाले. "माझ्याच्यानं तुझं मन मोडवेना."

भरपाई मंजूर झाली. उठता उठता साहेबांनी विचारलं, आणखी काही अधूपणा? मी छाती काढून म्हटलं, छे! कारण डाव्या कानानं मला ठार ऐकू येत नाही, पण ते मात्र खरोखरच कुणाला कळलेलं... तर लोरेटानं खोक्यातून दुसरा कागद काढला. त्याच्यावरही सगळ्यांच्या सह्या! साहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, सगळी खोली हसली, मालक तर डोळे पुसायला लागले.

काय लिहिलं होतं म्हणता?

मला काय विचारता... साहेब तोवर डावीकडे आले होते.